माझा नंबर तुमच्या यादीत आला कुठनं?

कोल्हापूर महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले, गुलाल उधळून झाला. माझं मात्र त्या निवडणुकीतलं एक काम अजून चालूच आहे. कुणाकुणाच्या यादीत जाऊन बसलेला माझा मोबाइल नंबर तिथून काढून घ्यायचा आहे. त्यासाठी कुठं कुठं जावं लागलं, काय जमलं आणि काय अजिबात जमलं नाही, ते सगळं लिहून ठेवते. हा त्रास पेठेपेठेत झालाय आणि बहुतेकांनी यावर इलाजच नाही असं धरून सोडून दिलंय. इलाज थोडा आहे. जिथं नाही तिथं तो का नाही, हेही आपल्याला माहीत असायला पाहिजे.

मी मंगळवार पेठेत जेवणाचे डबे करून देते. विद्यापीठात शिकणारी मुलं, राजारामपुरीत क्लाससाठी राहिलेली मुलं आणि दवाखान्यात पेशंटजवळ बसलेले नातेवाईक, असं माझं गिऱ्हाईक. पेशंटचे लोक तर कायम अनोळखी नंबरवरूनच फोन करतात. कुणी गडहिंग्लजहून आलेलं असतं, कुणी कोकणातून. त्यामुळे 'अनोळखी कॉल उचलायचाच नाही' हा सगळे देतात तो सल्ला माझ्या कामाचा नाही. सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर भाकरी थापत असताना फोन वाजला की पिठाचे हात पुसून तो घ्यावाच लागतो. पलीकडं कुणीतरी "ताई, आज पेशंटला भाकरी नको, मऊ भात पाठवा" असं सांगणारं असू शकतं.

डिसेंबरच्या मध्याला निवडणूक जाहीर झाली आणि या फोनांमध्ये दुसरे फोन मिसळायला लागले. आधी हलगी वाजायची, मग रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. नमस्कार, मी तुमच्या प्रभागातून उभा आहे, माझं चिन्ह अमुक. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत हे कळायचं नाही की समोर माणूस नाही. एक नंबर ब्लॉक केला की तोच आवाज दुसऱ्या नंबरवरून यायचा.

फोन एवढे का वाढले, याचं एक साधं कारण आहे. २०१५ च्या निवडणुकीत शहरात ८१ प्रभाग होते आणि एका प्रभागाचा एक नगरसेवक होता. यंदा नगरसेवक तेवढेच ८१, पण प्रभाग २०. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा आणि मतदाराला चार मतं. म्हणजे एका घराकडं मत मागणारी माणसं कितीतरी पटीनं वाढली आणि प्रत्येकाच्या वाट्याची घरंही वाढली. एवढ्या घरांचे जिने चढणं कुणाला शक्य नव्हतं, म्हणून फोन.

मला प्रचाराचा राग नाही, हे आधीच सांगते. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. एवढा काळ आपल्या भागाचा नगरसेवक कोण, असं विचारलं तर उत्तरच नव्हतं. निवडणूक यावी, दारात माणसं यावीत आणि त्यांना तोंडावर विचारावं, असं मला मनापासून वाटत होतं. विचारायला खूप होतं. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून अडलेली हद्दवाढ तुम्ही करणार का? काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी सगळ्या गल्ल्यांत नीट दाबानं कधी येणार? पंचगंगेत जाणारं सांडपाणी कोण थांबवणार? २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या शहरात नदीकाठाला बांधकामं कशी वाढू देणार आहात? हे शहर विचारणारं आहे. टोल नको म्हणून इथली माणसं रस्त्यावर उतरली, एन. डी. पाटील सर ऐंशी ओलांडलेल्या वयात पुढं चालत होते आणि टोल रद्द झाला.

२०१५ ला आमच्या कट्ट्यावर उमेदवार बसला होता. माझ्या सासूबाईंनी त्याला गटारीबद्दल इतका वेळ धारेवर धरला की त्याच्या बरोबरची माणसं घड्याळाकडं बघायला लागली. तो उठला नाही, ऐकून घेतलं. रेकॉर्डिंगला असं धरता येत नाही. मी मध्येच बोलले तरी पलीकडचा आवाज त्याच्या चालीनं पुढं जात राहतो आणि संपला की फोन बंद. त्यांना माझ्या घरात वाटेल तेव्हा यायला मिळतं आणि मला त्यांना एक शब्द विचारता येत नाही. माझी सगळी तक्रार इथनं सुरू झाली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंच्या नंबरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मतदार स्लिप आली. वर उमेदवारांचे फोटो आणि खाली सासूबाईंचं पूर्ण नाव, यादी भाग, अनुक्रमांक, मतदान केंद्र. आता यादीतलं नाव उमेदवाराकडं असणं यात काही गैर नाही, मतदार यादी उघडीच असते. पण तिच्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. नोंदणीच्या अर्जात मोबाइल नंबर लिहायला जागा असते, पण प्रसिद्ध होणाऱ्या यादीत तो छापला जात नाही. मग सासूबाईंच्या नावापुढं हा नंबर कुणी लावला?

आणि हा नंबर त्या कुणाला देतही नाहीत. त्यांच्या नावावरचं सिम घरातल्या जुन्या फोनमध्ये पडून असतं. तो नंबर आम्ही मोजक्या ठिकाणी दिलाय. पेन्शनच्या बँकेत, आधारला आणि दसऱ्याला टीव्ही घेतला त्या दुकानात, कारण बिल त्यांच्या नावावर केलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं नंबराशिवाय बिल निघतच नाही असं सांगितलं होतं. त्या दुकानातूनच नंबर बाहेर गेला असं मी म्हणत नाही, माझ्याकडं पुरावा नाही. पण शोध सुरू करायला ती एक जागा होती.

मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, "आई, थांब, मी बघतो." तिनं आधी व्हॉट्सअ‍ॅपची सेटिंग उघडली. गोपनीयता, त्यात ग्रुप्स, आणि तिथं 'सर्वजण' होतं ते 'माझे संपर्क' केलं. तोपर्यंत मला न विचारता प्रभागाच्या नावाच्या कितीतरी ग्रुपांत घातलं गेलं होतं. ही एक सेटिंग बदलल्यावर तो प्रकार त्याच दिवशी बंद झाला. ज्यांनी केलं नसेल त्यांनी आजच करावं.

मग १९०९. या नंबरला इंग्रजीत स्टार्ट असं लिहून, जागा सोडून शून्य टाकून मेसेज केला की सगळ्या प्रकारचे जाहिरातीचे कॉल आणि मेसेज बंद करण्याची नोंद होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, यासाठी २०१८ चे नियम आहेत आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले. आता नको असलेल्या कॉलची तक्रार सात दिवसांच्या आत करता येते आणि बिगरनोंदणीच्या नंबरवरून जाहिरात आली असेल तर आपण आधी ही नोंद केलेली नसली तरी चालतं. कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणणारे कॉल यानं खरोखर कमी झाले. निवडणुकीचे मात्र येत राहिले. मी मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिथली मुलगी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, हा नियम व्यावसायिक जाहिरातींसाठी आहे. वस्तू, सेवा, गुंतवणूक, जागा वगैरे. राजकीय प्रचार त्यात बसत नाही." जाहिरातीच्या कॉलला १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, बँकांच्या कामाच्या कॉलला १६०० ने सुरू होणारे. मला येणारे प्रचाराचे कॉल साध्या दहा आकड्यांच्या नंबरवरून येत होते, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाचा असतो तसल्याच.

म्हणजे साबण विकणाऱ्याला जे बंधन आहे ते मत मागणाऱ्याला नाही. हे मला अजूनही पटत नाही. माझ्या वेळेची आणि माझ्या फोनची किंमत दोन्हीकडं सारखीच आहे.

निवडणुकीच्या कामासाठी उघडलेल्या एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं बसायला खुर्ची दिली, अर्ज पुढं केला. तक्रार कुणाविरुद्ध? कॉलमध्ये आक्षेपार्ह काय होतं? धर्माच्या, जातीच्या नावानं मत मागितलं का? पैशाचं आमिष दाखवलं का? यातलं काही नव्हतं. बोललेलं सगळं सभ्यच होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की यांच्याकडं माझा नंबर कसा आला आणि मी नको म्हटल्यावर कॉल थांबवायची सोय कुठं आहे. त्यासाठी अर्जात रकाना नव्हता. लोकसभा-विधानसभेला असे घाऊक मेसेज आणि रेकॉर्ड केलेले कॉल प्रचारात वापरायचे तर मजकूर आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो, हे मी वाचलं होतं. पण ते प्रमाणपत्रसुद्धा काय बोललं याचंच असतं. कुणाला फोन केला आणि त्याची परवानगी होती का, हे तिथंही कुणी तपासत नाही. त्या माणसानं अर्ज घेतला आणि शिक्का मारून पोच दिली. पुढं त्याचं काही कळलं नाही.

खरी गोष्ट कळली ती घराच्या पायरीवर. पेठेतलाच एक पोरगा छापील स्लिपा वाटत आला. त्याला मी लहानपणापासून बघते, रोजावर प्रचाराला लागला होता. त्याला म्हटलं, बाबा, बस जरा, पाणी पी आणि मला एक सांग, तुमच्याकडं नंबर कसे येतात? त्यानं काही न लपवता खिशातनं मोबाइल काढला आणि एक अ‍ॅप उघडून माझ्यापुढं धरलं.

वर शोधायची पट्टी होती. त्यानं आमचं आडनाव टाकलं, घर क्रमांक निवडला. आमच्या घरातली सगळी मतं एकाखाली एक आली. प्रत्येक नावापुढं एक गोल. हिरवा म्हणजे आपला, लाल म्हणजे समोरच्याचा, पिवळा म्हणजे अजून ठरलेलं नाही. माझ्या मालकांपुढं हिरवा होता, मी पिवळी, सासूबाई पिवळ्या. गल्लीतल्या काही नावांपुढं दोन तारे होते, निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार मतदार म्हणून लावलेले. इथपर्यंत ठीक. मग त्यानं माझ्या नावावर बोट टेकवलं आणि पान उघडलं. माझे दोन्ही मोबाइल नंबर. व्यवसाय: डबे. जात लिहायला रकाना होता आणि तो भरलेला होता. आयोगाच्या मतदार यादीत जात नसते. ती यांनी कुठून तरी आणून भरली होती. खाली शेरा: 'मुलं, संपर्क'. त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही.

सासूबाईंच्या पानावर शेरा होता: 'गुडघे. रिक्षा लागेल.'

मी तो शेरा परत परत वाचला. त्यांच्या गुडघ्यांचं पेठेत सगळ्यांना माहीत आहे. समोरच्या काकूंना, दूधवाल्याला, तालमीतल्या पोरांना. ते एकमेकांना सांगतात, त्यातूनच कुणीतरी त्यांना भाजी आणून देतं, कुणी हात धरून रस्ता ओलांडून देतं. पेठेत माणूस झाकून राहूच शकत नाही आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही, कारण माझं जे त्यांना माहीत ते त्यांचं मला माहीत असतं. इथं मात्र त्यांचं दुखणं कुणीतरी टाइप करून ठेवलं होतं आणि ज्याच्याकडं ते अ‍ॅप आहे त्या कुणालाही, कधी आमच्या गल्लीत पाऊल न टाकलेल्या माणसालाही, ते बोटाच्या टोकावर होतं. निवडणूक संपल्यावर ते कुठं जाणार, कुणाला विकलं जाणार, हे त्या पोराला माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

"हे कुठनं आलं सगळं?" मी विचारलं.

"काकी, नाव-नंबर आमाला वरनं तयार येतंय. आमी फकस्त रंग भरायचा आन् शेरा टाकायचा."

"माझा नंबर पुस यातनं."

त्यानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. रंग बदला, स्थलांतरित, मयत, एवढेच पर्याय आले. पुसायचा पर्यायच त्यात ठेवलेला नव्हता. तो म्हणाला, "मयत करू काय काकी? मग फोन यायचं बंद हुतील." त्याला खरंच मला मदत करायची होती. मी नको म्हणाले. मला माझं मत द्यायचं होतं आणि जिवंत माणूस म्हणूनच द्यायचं होतं.

सासूबाई आत ऐकत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याचं त्यांना काय पडलंय? रिक्षा नको मला. मी चालत जातो." आणि मतदानाच्या दिवशी त्या चालतच गेल्या, नातीचा हात धरून, वाटेत दोन ठिकाणी कट्ट्यावर टेकत.

त्या रात्री मी कायदा शोधून वाचला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२३ मध्ये केला. माझी माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, मी संमती मागे घेतली की थांबायचं, पुसा म्हटलं की पुसायचं, असे हक्क त्यात लिहिलेत. पण त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि हे हक्क प्रत्यक्ष बजावता येतील ती कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कायदा आहे आणि तरी या निवडणुकीत त्याचा दरवाजा आमच्यासाठी उघडा नव्हता.

तरी पत्र लिहिलं. ज्या पॅनेलच्या नावानं स्लिप आली होती त्यांच्या प्रचार कार्यालयात नेऊन दिलं. मजकूर साधाच होता. माझे आणि माझ्या सासूबाईंचे मोबाइल नंबर तुमच्याकडं कुठून आले ते लेखी कळवा, ते आणि आमच्याबद्दलचे शेरे पुसून टाका आणि पुसल्याचं कळवा. तिथं टेबलावर बसलेला माणूस वाचून म्हणाला, "वहिनी, निवडणूक होऊ दे, मग बघू." मी पोच मागितली. शिक्का शोधायला त्यांना वेळ लागला, पण मी उठले नाही. पोच मिळाली.

१३ जानेवारीला संध्याकाळी साडेपाचला जाहीर प्रचार संपला. १५ ला मतदान केलं, चारही मतं दिली. निकालानंतर मी एक काम मुद्दाम केलं. ज्या ज्या नंबरांवरून कॉल आले होते त्या नंबरांना दुपारी डबे गेल्यावर बसून उलट फोन लावले. बरेचसे सेवेतच नव्हते. एक वाजून वाजून बंद झाला. एकावर कुणीतरी हिंदीत बोललं, त्याला कोल्हापूर हे नावसुद्धा नीट माहीत नव्हतं. कॉल करून देण्याचं काम त्यांच्या कंपनीकडं असतं, यादी ज्याची त्याची, एवढं त्यानं सांगितलं. माझ्या प्रभागातला म्हणून जो आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत होता तो असा कुठल्या तरी लांबच्या शहरातून सोडलेला होता.

दुकानाचं काम मात्र बऱ्यापैकी झालं, म्हणून ते नीट सांगते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना सूचना दिल्या आहेत की बिल देण्यासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाइल नंबराची सक्ती करू नका. हे काउंटरवर सांगितलं तर ऐकतात, मी त्यानंतर दोन-तीन ठिकाणी सांगून बघितलं. नंबर न देता बिल निघतं. आमच्या टीव्हीच्या दुकानाचं अ‍ॅप होतं, त्यात सासूबाईंच्या नावानं खातं उघडलेलं होतं. ते बंद करायला गेलो तर बटण सापडेना. सापडलं तेव्हा 'तुमचे सगळे गुण वाया जातील, खरंच जायचंय?' असं विचारून मोठ्या रंगीत अक्षरात 'नाही, राहते' आणि बारीक फिकट अक्षरात 'तरीही बंद करा'. त्यावर टिचकी मारली की परत पहिलं पान. टीव्ही सुरू करतानाही असंच झालं होतं. 'सगळं मान्य' एवढं बटण ठळक, आणि तुम्ही काय बघता याची माहिती कंपनीला पाठवायची की नाही हे आत कुठंतरी दडवलेलं. मुलीनं ते शोधून बंद केलं.

माणसाला असं अडकवायच्या तऱ्हांवर बंदी आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिलेत आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणं, बाहेर पडायची वाट अवघड करणं हे दोन्ही त्यात आहेत. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला, बिलाचा फोटो आणि त्या पडद्याचे स्क्रीनशॉट पाठवले. काही दिवसांनी दुकानाकडून मेल आला की खातं बंद केलं आहे आणि नंबर काढला आहे. तो आधी कुणाला दिला होता का, या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तो प्रश्न मी परत पाठवलाय.

'मुलं, संपर्क' या शेऱ्याचा अर्थ फेब्रुवारीत कळला. महापालिका झाली की लगेच जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका आल्या. मी शहरातली मतदार, माझा त्यांच्याशी संबंध नाही. तरी एक दिवस एक ओळखीचे गृहस्थ दुसऱ्या एकाला घेऊन घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं गावाकडची पोरं जेवत्यात न्हवं? राधानगरी, चंदगड, भुदरगडची? त्यांची मतं गावाकडं हाईत. नावं आणि नंबर द्या फकस्त. मतदानाला यायला आमी बघतो त्यांचं."

माझ्याकडं एक लांबट वही आहे. तिच्यात मुलांची नावं, खोलीचा पत्ता, मोबाइल, घरचा नंबर, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा गुरुवारचा उपास, कुणाचे पैसे महिनाअखेरीला येतात, सगळं आहे. एका मुलाला साखरेचा आजार आहे, त्याच्या आईनं मला फोन करून सांगितलं होतं, कुणाला कळू देऊ नका म्हणून. ती वही समोर फळीवरच होती. त्या गृहस्थांनी मागितलं त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. ते ओळखीचे, कामाला येणारे, अडल्यानडल्याला धावलेलेही आहेत. नाही म्हणणं जड गेलं. पण नाही म्हणाले. ही मुलं मला नंबर देतात ती डब्यासाठी, मी तो दुसऱ्या कशाला देणार नाही, असं सांगितलं. मुलांना काय सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहून द्या, मी डब्याबरोबर देते, ज्याला वाटेल तो तुम्हाला फोन करेल. चिठ्ठी काही त्यांनी दिली नाही. जाताना बरोबरचा माणूस म्हणाला, "बाकीच्यांनी दिली की."

तेव्हा मला उमगलं की याद्या तयार होतात त्या अशाच. कुठंतरी एखादं दुकान देतं, एखादा क्लास देतो, एखादी मेस देते, हळदी-कुंकवाच्या लकी ड्रॉची कुपनं जमा होतात, आणि वरती कुणीतरी ते मतदार यादीला जोडतं. देणाऱ्याला वाटतं, नंबरच तर आहे.

मी वहीवर आता कव्हर घालून ती कपाटात ठेवते. जी मुलं सोडून गेली त्यांची पानं फाडून टाकली. आणि ओळखीच्या डबेवाल्या बायकांकडं जाऊन बोलले, मिरजकर तिकटीपासून राजारामपुरीपर्यंत. बहुतेकींना कुणी ना कुणी विचारलं होतं. "आपण देऊ नये हे डोक्यातच आलं नव्हतं," असं एकीनं सांगितलं. दोघी-तिघींनी ठरवलं की इथून पुढं नंबर कुणाला द्यायचा नाही आणि तसं मुलांना प्रवेशाच्या वेळीच सांगायचं. एकीनं मात्र आधीच यादी देऊन टाकली होती. तिच्या मुलांना आता फोन येतात, मुलं तिला विचारतात आणि तिला काय उत्तर द्यावं कळत नाही. येत्या सोमवारी डबे गेल्यावर तिच्याबरोबर त्या माणसांच्या कार्यालयात जायचं ठरलंय. तिच्या नावानं पत्र लिहून झालंय, आणि माझ्या पत्राची पोच मी बरोबर घेणार आहे.